आधी सबसिडी शून्य धरा, मग अर्ज करा: शेती आणि गावच्या धंद्यासाठी अनुदान कसं शोधायचं



"सर, मला गावात धंदा सुरू करायचाय. सगळ्यात जास्त सबसिडी कुठल्या योजनेत आहे?"

हा प्रश्न मला व्हिडिओखाली येतो, प्रशिक्षणात येतो आणि दुकानाच्या काउंटरवर तर रोज येतो. माझं दुकान पॅकिंगच्या सामानाचं. पाऊच, सीलिंग मशीन, वजनकाटे आणि सोबत मसाला दळायची छोटी मशीनं. त्यामुळे योजनेत अर्ज करणारी बरीच मंडळी कोटेशन घ्यायला माझ्याकडे येतात.

आज उत्तर देण्याआधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत जवळच्या गावातली एक ताई आणि तिचा नवरा दुकानात आले. मिरचीचा सीझन तोंडावर होता. त्यांनी प्रक्रिया उद्योगाच्या योजनेत अर्ज भरला होता. "मंजुरी येईलच, पण तोवर सीझन निघून जाईल. आत्ताच मशीन न्यायचंय," म्हणाले. सोनं गहाण ठेवून पैसे आणले होते. मी मशीन दिलं, पक्कं बिल फाडलं आणि वर अभिनंदनही केलं.

एप्रिलमध्ये बँकेने कागद तपासले. मशीन आधीच घेतलेलं, बिल आधीच्या तारखेचं आणि पैसेही कर्जातून गेलेले नाहीत. त्या मशीनचा खर्च प्रकल्पातून वगळला गेला. मुख्य खर्चच तो होता, त्यामुळे अनुदान गेलं आणि सोन्याचं व्याज मात्र सुरू राहिलं. ताई मला काहीच बोलली नाही. पण बिल मीच फाडलं होतं. "ताई, मंजुरीपत्र आलंय का?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचं टळलं असतं.

त्या दिवसापासून बिल फाडण्याआधी मी तो प्रश्न विचारतो. आणि आजचा लेख त्याच प्रश्नाभोवती आहे. सबसिडी किती मिळते हे सगळे सांगतात. ती कधी मिळते, कशी मिळते आणि मिळेपर्यंत हप्ता कोण भरतो, हे फार कमी लोक सांगतात.

अनुदानाचे चार प्रकार

"सरकार पैसे देतं, मग आपण धंदा सुरू करतो" असा बऱ्याच जणांचा समज असतो. बहुतेक योजनांमध्ये क्रम याच्या उलटा असतो. पैसे कोणत्या वाटेने येतात, यावरून मी योजनांचे चार गट करतो.

पहिला गट: कर्जाला जोडलेलं अनुदान. पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, पीएमईजीपी आणि आपल्या राज्याचा सीएमईजीपी हे तिन्ही यात येतात. इथे आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं. अनुदान तुमच्या चालू खात्यात येऊन पडत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं धंदा चालू राहिला, कर्ज नीट फिटत राहिलं, तर ते कर्जात वळतं होतं. खातं मध्येच थकीत गेलं तर अडचण उभी राहते.

दुसरा गट: आधी खर्च, मग परतावा. महाडीबीटी पोर्टलवरचे कृषी यांत्रिकीकरण, ठिबक-तुषार वगैरे घटक यात येतात. तुम्ही अर्ज करता, निवड होते, पूर्वसंमती मिळते, मग तुम्ही अवजार घेता, बिल अपलोड करता, कृषी खात्याचे लोक येऊन तपासणी करतात आणि त्यानंतर आधार जोडलेल्या खात्यात पैसे येतात. म्हणजे खरेदीच्या दिवशी पैसे तुमचेच लागतात.

तिसरा गट: हप्त्याने येणारं भांडवली अनुदान. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढी, कुक्कुट, वराह पालन, चारा अशा प्रकल्पांना ५० टक्के अनुदान आहे, पण ते दोन समान हप्त्यांत येतं. पहिला हप्ता बँकेने कर्ज सोडायला सुरुवात केल्यावर आणि दुसरा प्रकल्प पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर.

चौथा गट: व्याजात सवलत. कृषी पायाभूत सुविधा निधी, म्हणजे एआयएफ, यात गोदाम, शीतगृह, प्रतवारी-प्राथमिक प्रक्रिया अशा कामांच्या कर्जावर २ कोटींपर्यंत ३ टक्के व्याजसवलत मिळते, जास्तीत जास्त ७ वर्षं. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची योजनाही व्याज परताव्याची आहे. इथे मुद्दल पूर्ण तुम्हीच फेडता, फक्त व्याजाचा भार हलका होतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण याबाबत फार गोंधळ आहे. मुद्रा कर्जात सबसिडी नाही. मुद्रा हे विनातारण कर्ज आहे. "मुद्रात ३५ टक्के माफ करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या.

आता आकड्यांत बघू

नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. म्हणून मसाला युनिटचं एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा प्रकल्प ८ लाखांचा आहे. मशीनं आणि त्यासाठी लागणारं बांधकाम. पीएमएफएमईत पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख रुपये. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के.

स्वतःचे पैसे: ८०,००० रुपये
बँकेचं कर्ज: ७,२०,००० रुपये
अनुदान: २,८०,००० रुपये

आता बहुतेक जण मनात काय हिशेब करतात? "७ लाख २० हजारातून २ लाख ८० हजार गेले, म्हणजे मला ४ लाख ४० हजारच फेडायचेत." ११ टक्के व्याज आणि ७ वर्षं मुदत धरली तर ४ लाख ४० हजारांचा हप्ता महिन्याला साधारण ७,५०० रुपये येतो. माणूस खूश.

पण अनुदान पहिल्या दिवशी कर्जातून वजा होत नाही. पूर्ण ७ लाख २० हजारांवर हप्ता बसला तर तो साधारण १२,३०० रुपये होतो. दर महिन्याला जवळजवळ ४,८०० रुपयांचा फरक.

आता धंद्याची बाजू बघा. समजा महिन्याला सरासरी ६०० किलो लोकांचं दळण करून देता, किलोला ३० रुपये. झाले १८,०००. स्वतःचा पॅक मसाला १५० किलो विकता, किलोमागे कच्चा माल आणि पॅकिंग जाऊन १०० रुपये सुटतात. झाले १५,०००. एकूण ३३,०००. त्यातून वीजबिल ५,०००, एका बाईची मजुरी ९,००० आणि किरकोळ २,००० काढा. हातात उरले १७,०००.

हप्ता ७,५०० असेल तर घरी ९,५०० येतात. हप्ता १२,३०० असेल तर घरी ४,७०० येतात. तेही सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. पावसाळ्यात दळण थंडावलं की तेवढेही नाहीत. एक हप्ता चुकला, मग दुसरा, मग तिसरा. खातं थकीत झालं की ज्या अनुदानासाठी एवढा खटाटोप केला तेच धोक्यात.

म्हणून माझं सूत्र: हिशेब करताना सबसिडी शून्य धरा. शून्य धरून धंदा तगत असेल तर अर्ज करा. सबसिडी आली की ती बोनस. सबसिडीशिवाय धंदा उभा राहत नसेल, तर सबसिडी आल्यावरही तो उभा राहणार नाही, फक्त पडायला उशीर लागेल.

मोठा प्रकल्प, मोठी सबसिडी, मोठा फास

वरच्या उदाहरणात महिन्याला एकूण ७५० किलो माल आहे. २५ दिवस काम धरलं तर दिवसाला ३० किलो. एवढ्या कामाला ८ लाखांचा सेटअप कशाला? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "सर, प्रकल्प मोठा दाखवला की सबसिडी जास्त मिळते."

बरं, तोच प्रकल्प ५ लाखांत बसवू. स्वतःचे ५०,०००, कर्ज ४,५०,०००, हप्ता साधारण ७,७००. अनुदान १,७५,०००. म्हणजे सबसिडी १ लाख ५ हजारांनी कमी झाली, पण दर महिन्याचा हप्ता ४,६०० रुपयांनी उतरला. १७,००० उरतात त्यातून आता ९,३०० घरी येतात, आणि तेही अनुदानाचा एक रुपया हिशेबात न धरता.

कमी सबसिडी घेणारा माणूस इथे जास्त सुखी आहे. धंदा वाढला की दुसरं मशीन घेता येतं. मोठं मशीन कोपऱ्यात धूळ खात असेल तर त्याचा हप्ता मात्र धूळ खात नाही.

उलट टोकाचंही लक्षात ठेवा. पीएमएफएमईत कमाल मर्यादा १० लाखांची आहे. म्हणजे पात्र खर्च साधारण २८ लाख ५७ हजारांच्या वर गेला की अनुदान वाढत नाही, फक्त कर्ज वाढतं. महाडीबीटीवरही टक्केवारीसोबत रकमेची मर्यादा असते आणि दोन्हींपैकी जी रक्कम कमी ती मिळते. जाहिरातीत टक्केवारी मोठ्या अक्षरात असते, मर्यादा बारीक अक्षरात. आधी बारीक अक्षरं वाचा.

आणि कोटेशन फुगवण्याचं बोलूनच टाकतो, कारण महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला हळूच म्हणतं, "भाऊ, दोन लाख वाढवून द्या ना, नंतर बघू." मी देत नाही. ही सरळ फसवणूक आहे. शिवाय बँक पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात पाठवते, वाढीव रकमेवर जीएसटी लागतो, त्यावर व्याज तुम्ही भरता आणि तपासणीला आलेला अधिकारी मशीनवरची पाटी वाचतो. फायदा दिसतो तेवढा नसतो आणि अडकलात तर पुढच्या प्रत्येक अर्जाला तो डाग चिकटतो.

मग माझ्यासाठी योजना कोणती?

योजनेपासून सुरुवात करू नका. "मी नेमकं काय करणार आहे?" इथून सुरुवात करा.

शेतमालावर प्रक्रिया करणार असाल, म्हणजे मसाले, पापड, लोणचं, डाळ, गूळ, बेदाणे, काजू, बेकरी, तर पहिल्यांदा पीएमएफएमई बघा. ही योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. नवीन युनिटलाही मिळते आणि चालू युनिट वाढवायलाही. बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्यांना खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद यात आहे. गट "उमेद"मध्ये असेल तर गावातल्या सीआरपी ताईंना विचारा. जमिनीची किंमत मात्र प्रकल्प खर्चात धरत नाहीत. आणि याच कर्जावर एआयएफची व्याजसवलतही जोडता येते, ती मागायला विसरू नका.

उत्पादन किंवा सेवा व्यवसाय असेल, जसं फॅब्रिकेशन, शिवणकाम, पेव्हर ब्लॉक, शेती अवजारं दुरुस्ती, तर पीएमईजीपी. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. खुल्या गटातल्या पुरुषाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, स्वतःचा हिस्सा १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, स्वतःचा हिस्सा ५ टक्के. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास असणं लागतं. युनिट नवीनच हवं आणि एका कुटुंबात एकालाच लाभ. नुसत्या पीक लागवडीसाठी ही योजना नाही. राज्याचा सीएमईजीपी २०१९ पासून याच धर्तीवर आहे. दोन्हींची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात आणि खादी ग्रामोद्योगच्या जिल्हा कार्यालयात होते.

इथे एक सल्ला. टक्केवारी जास्त म्हणून बायकोच्या नावावर अर्ज टाकण्याची पद्धत आहे. ती खरोखर धंदा चालवणार असेल तर जरूर टाका, हक्काने टाका. पण ती फक्त सहीपुरती असेल तर थांबा. कर्ज तिच्या नावावर, सिबिल तिचा, बँकेची नोटीसही तिलाच. आणि बँकेत मॅनेजरने विचारलं, "ताई, दिवसाला किती किलो दळण होणार?" तर उत्तर तिलाच द्यायचंय.

शेतीची अवजारं, ट्रॅक्टर, ठिबक, शेततळ्याचं अस्तरीकरण असेल तर महाडीबीटी. त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी लागतो. सातबारा, आठ-अ आणि आधारवरचं नाव जुळतंय का, हे अर्जाच्या आधी बघा. "पाटील" एका कागदावर आणि "पाटिल" दुसऱ्यावर, एवढ्यावरून लोक महिनोन्महिने फेऱ्या मारतात.

शेळीपालन-कुक्कुटपालन असेल तर आधी आकार ठरवा. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढीचा सगळ्यात छोटा प्रकल्प १०० माद्या आणि ५ नरांचा आहे, त्याला कमाल १० लाख अनुदान, आणि ५०० अधिक २५ ला कमाल ५० लाख. ज्याने कधी दोन शेळ्याही सांभाळल्या नाहीत त्याने थेट शंभरावर उडी मारू नये. छोट्या सुरुवातीसाठी राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची १० शेळ्या आणि १ बोकड अशी गटवाटपाची योजना आहे. पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा.

योजनांची मुदत, आकडे आणि नियम बदलत राहतात. पीएमएफएमई आधी पाच वर्षांसाठी होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली. त्यामुळे माझा लेख असो की कुणाचा व्हिडिओ, अर्ज भरायच्या दिवशी अधिकृत पोर्टल उघडा आणि योजना चालू आहे का, आकडे तेच आहेत का, हे स्वतः बघा.

कामाचा क्रम

हा क्रम वहीत लिहून ठेवा. मागे-पुढे झाला की पैसे अडकतात.

१. आधी माल विका. घरच्या मिक्सरवर, दुसऱ्याच्या गिरणीत दळून, उसनं मशीन वापरून, कसंही. २० गिऱ्हाईकं जोडा. त्यातली किती परत येतात ते लिहून ठेवा. ही वही बँकेत प्रकल्प अहवालापेक्षा जास्त बोलते.

२. उद्यम नोंदणी करा. ती पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी.

३. सिबिल तपासा. जुनं पीक कर्ज, गाडीचं कर्ज, कुणाला दिलेला जामीन, सगळं बाहेर येतं. थकबाकी असेल तर आधी ती मिटवा आणि बँकेकडून बेबाकी दाखला घ्या.

४. जागा आणि वीज पक्की करा. मशीन तीन फेजवर चालणार आणि घरात कनेक्शन सिंगल फेजचं, हे मशीन उतरवल्यावर कळून उपयोग नाही. सातबारा सामाईक असेल तर भाऊबंदांचं संमतीपत्र आत्ताच घ्या. भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत करार करा.

५. कोटेशन घ्या, बिल नाही. निदान दोन ठिकाणचं. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, मशीनची क्षमता आणि मोटार किती एचपीची आहे, हे असलं पाहिजे. कोटेशन हा फक्त भाव असतो. बिल म्हणजे व्यवहार झाला. माझी चूक याच पायरीवर झाली होती.

६. बँकेत आधी बोला, अर्ज नंतर भरा. तुमचं खातं जिथे आहे, व्यवहार दिसतात, त्या शाखेत जा. "सबसिडीचं कर्ज द्या" म्हणू नका. "माझा हा धंदा आहे, एवढे गिऱ्हाईक आहेत, एवढं मशीन हवंय, हप्ता असा भरणार" असं सांगा. मॅनेजरला सबसिडीत रस नसतो, हप्त्यात असतो.

७. मग पोर्टलवर अर्ज, समितीची छाननी, बँकेची मंजुरी. मंजुरीपत्र हातात आलं की ते पूर्ण वाचा. हप्ता कधीपासून सुरू, सुरुवातीला किती महिने सवलत, अनुदान कोणत्या खात्यात ठेवणार, ते जमा झाल्यावर तेवढ्या रकमेवर व्याज थांबणार की नाही. पीएमईजीपीत तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लावायचं नाही असा नियम आहे. तुमच्या योजनेत काय आहे ते लेखी विचारा.

८. आणि आता, फक्त आता, मशीनची ऑर्डर.

सीझन निघून चाललाय म्हणून आठवी पायरी आधी उचलावीशी वाटेल. ताईलाही तेच वाटलं होतं. सीझन गाठायचाच असेल तर त्या वर्षी दुसऱ्याच्या गिरणीत दळून घ्या, नफा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल आणि अनुदानाला धक्का लागणार नाही. मिरचीसाठी जानेवारीत अर्ज करू नका, आदल्या पावसाळ्यातच करा.

एजंटला पैसे देण्याआधी

"१५ हजार द्या, फाईल मंजूर करून देतो." हे वाक्य ऐकलं नाही असा उद्योजक मला अजून भेटलेला नाही. मंजुरी बँक देते. एजंटच्या हातात मंजुरी नसते, त्याच्या हातात फक्त तुमचे कागद असतात.

प्रकल्प अहवाल बनवून घेण्यासाठी सीएला किंवा जाणकाराला रास्त फी देणं वेगळं. ते काम आहे. पण "मंजुरीचे" पैसे देऊ नका. पीएमएफएमईमध्ये तर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल, बँकेचा पाठपुरावा, नोंदण्या, या सगळ्यात त्यांनी मदत करायची असते आणि त्याचं मानधन त्यांना योजनेतून मिळतं. तुम्ही द्यायचं नाही. यादी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मागा.

प्रशिक्षण हवं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत जा, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. अग्रणी बँक चालवते आणि प्रशिक्षण मोफत असतं. मीही पैसे घेऊन शिकवतो, तरी हे सांगतोय.

बँकेने नाही म्हटलं तर?

पहिल्या नकाराने घरी बसू नका आणि भांडूही नका. शांतपणे म्हणा, "साहेब, कारण लेखी द्या." कारण कळलं की रस्ता कळतो. सिबिल कमी असेल तर सहा-आठ महिने शिस्तीत व्यवहार करून परत जा. विक्रीचा पुरावा नाही म्हणत असतील तर वही आणि यूपीआयचे व्यवहार दाखवा. "तारण आणा" म्हणत असतील, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठराविक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो नम्रपणे सांगा. तरी अडलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक प्रबंधकांना अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि कधीकधी बँकेचा नकार बरोबरही असतो, हे मान्य करा. मॅनेजरने "हप्ता झेपणार नाही" म्हटलं, तर रागवायच्या आधी घरी येऊन आकडे पुन्हा मांडा.

त्या ताईचं पुढे काय झालं?

सोनं सोडवायला तिला दोन सीझन लागले. मशीन चांगलं चालत होतं, गिऱ्हाईक होतं, म्हणून ती तगली. धंदा सबसिडीवर उभा नव्हता, हेच तिला वाचवून गेलं. पुढे पॅकिंग मशीनसाठी तिने परत अर्ज केला, या वेळी चालू युनिट वाढवण्यासाठी. कोटेशन न्यायला दुकानात आली तेव्हा मी विचारायच्या आधीच म्हणाली, "दादा, आज फक्त कोटेशन. बिल मंजुरीपत्र आल्यावर."

आजचा गृहपाठ: एक कोरं पान घ्या. डावीकडे महिन्याची खात्रीची कमाई लिहा, आशेची नाही. उजवीकडे खर्च आणि पूर्ण कर्जाचा पूर्ण हप्ता. सबसिडीचा रकाना ठेवूच नका. खाली जे उरतं त्यात घर चालतं का बघा. चालत असेल तर सोमवारी सकाळी पासबुक आणि विक्रीची वही घेऊन बँकेत जा. चालत नसेल तर मशीन लहान करा आणि पान परत मांडा.

भेटू पुढच्या भागात.